उतरवलेला अर्ज

आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलचं जर्नल एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी उतरवायचं, ही रीतच होती. त्याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. मी रहिमतपूरच्या कापडदुकानदाराचा मुलगा, अंगात भरपूर आळस. मी कायम उतरवणाऱ्यांत.

माझा रूममेट माण तालुक्यातला. त्याचे वडील मुंबईच्या बाजारात पोती उचलायचे. त्यांची कंबर गेली आणि त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "जूनपतुर काय हाय ते बघ. न्हाईतर माझ्या जागेवर तू ये."

त्याच्या हातात एकच गोष्ट होती. उन्हाळ्यात ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर काम करायला मुलं निवडतात, शिकवायला परदेशातले मेंटॉर देतात, मानधनही देतात, असा एक कार्यक्रम. कागदपत्रं वाचायच्या एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी जोडाक्षरं फुटायची. तीन महिने खपून त्याने त्यातली निम्मी दुरुस्त केली होती. मेंटॉर खूश होते. "गड्या, लय जमलंय. वाच की जरा," म्हणत त्याने उरलेल्या निम्म्या कामाचा अर्ज मला पाठवला.

मीही त्याच सॉफ्टवेअरसाठी अर्ज भरत होतो, उगीच, हौस म्हणून. कुठल्या आठवड्यात काय करणार हे लिहायचा कंटाळा आला. त्याचं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं. अक्कल शेण खायला गेली होती माझी.

दोन आठवड्यांनी मेंटॉरचं दोघांना मिळून एक पत्र आलं. दोन्ही अर्जांत वेळापत्रक एकच आहे, हा मजकूर नक्की कुणाचा, उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. एका ओळीचं उत्तर होतं: त्याचा. पण तसं लिहिलं की माझ्या नावावर चोर म्हणून शिक्का बसणार. सकाळी लिहू म्हटलं.

सकाळी उठलो तर त्याचं उत्तर जाऊन बसलेलं, मलाही प्रत. 'दोघांनी मिळून लिहिलं. त्याची चूक नाही.' आणि नियम असा, की मिळून लिहिलेला अर्ज चालत नाही. संध्याकाळ व्हायला अख्खा दिवस बाकी होता. मी खरं लिहू शकत होतो. खोटं कशाला बोलू, ते पत्र वाचून मला सुटल्यासारखं वाटलं. मी अंघोळीला गेलो.

दोघांचेही अर्ज बाद झाले. त्याने मला एक शब्दही विचारला नाही. जूनमध्ये तो वडिलांच्या जागेवर मुंबईला गेला.

पुढच्या वर्षी गावच्या जत्रेला आला तेव्हा वाट वाकडी करून आमच्या दुकानात आला. खांदे रुंद झालेले, आवाज बसलेला. अम्मीने चहा दिला. मी नजर चुकवत कापडाच्या घड्या घालत होतो.

"औंदा भरलास का रं अर्ज?"

"भरला."

"त्याच सॉफ्टवेअरचा?"

"व्हय. राहिलेली जोडाक्षरं."

"झ्याक केलंस," तो म्हणाला. आणि त्याला खरंच आनंद झाला होता.