न आलेली नोटीस

भाडेकरूला घराबाहेर काढायची एवढी हौस असलेला माणूस आमच्या घरमालकांखेरीज अख्ख्या किनाऱ्यावर सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. किहीमच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा त्यांच्या नारळाच्या वाडीतल्या दोन खोल्या मला अकरा महिन्यांच्या कराराने मिळाल्या. दहा महिने होतात न होतात तोच पोस्टमन रजिस्टर टपाल घेऊन दारात हजर. पाठवणारे कोण, तर समोरच्या ओटीवर सुपारी कातरत माझा चेहरा न्याहाळणारे खुद्द घरमालक! आत लिहिलं होतं, 'सदर घर मला माझ्या कुटुंबाच्या वापरासाठी हवे असल्याने एक महिन्यात खाली करून द्यावे.' बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. मी धावत गेलो, तर म्हणाले, "घाबरताय काय मास्तर? मुदत संपली की सामान भायेर काढायचं, दुसऱ्या दिवशी नवा करार करून परत आत. खंड पडाया पायजे. सलग ऱ्हायलात तर घर तुमचंच व्हईल."

ही भीती त्यांना वारशाने मिळाली होती. वडिलांनी भातशेती दुसऱ्याला कसायला दिली आणि कूळकायद्यात ती त्या कुळाची झाली. तेव्हापासून या घराण्याचा कायद्यावर विश्वास नव्हता आणि कायद्यावाचून त्यांना चैनही पडत नव्हतं. शेताचा कायदा वेगळा, घराचा वेगळा, हे अलिबागच्या वकिलांनी त्यांना कितीदा समजावलं. "वकिलाचं घर थोडंच जातंय," एवढंच त्यांचं उत्तर.

कराराच्या शेवटच्या दिवशी तर त्यांच्या अंगात वारं शिरायचं. धोतर खोचून ते स्वतः आमची शेगडी, भांडी, गाद्या उचलायचे आणि नेऊन ठेवायचे कुठे, तर आपल्याच ओटीवर! रिकाम्या घराला कुलूप ठोकलं की आत हाक जायची, "अगो, पाहुणे आलेत, भाकऱ्या टाक." मग आम्हा बेघरांना वालाचं बिरडं आग्रह करकरून वाढलं जाई. एका वर्षी बायको तापाने फणफणली होती. मला वाटलं, यंदा सुटलो. त्यांनी डॉक्टरला बोलावलं, पण आपल्या ओटीवर. "सूनबाय, औषध हितं घ्या. खंड चुकवून चालायचा न्हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फोडून आमची पत्र्याची पेटी पहिल्यांदा आत नेण्याचा मान मात्र त्यांचाच असे.

अशा आठ नोटिसा झाल्या. नवव्या वेळी पोस्टमन आमच्या दारावरून तसाच पुढे गेला. चार दिवस, आठ दिवस, काही नाही. मालक ओटीवर दिसेनात, आणि दिसले तर नजर चुकवीत. शेवटी विहिरीवर मालकीणकाकूंना गाठलं. त्या म्हणाल्या, "लेकाची पनवेलची नोकरी गेली. बायकापोरांना घेऊन हितंच येतो म्हनतो. आमच्या एका खोलीत कुठं ऱ्हातील? ह्ये रोज कागद घेऊन बसतात नि तसेच उठतात. एक ओळ लिववत न्हाय."

'माझ्या कुटुंबाच्या वापरासाठी' हे आठ वेळा बिनधास्त खोटं लिहिणारा हात खरं लिहायची वेळ आली तेव्हा अडला होता. ते घर सोडायचं आमच्याही जिवावर आलं होतं, पण त्या संध्याकाळी मीच नोटीस लिहिली, घर एक महिन्यात खाली करत आहे म्हणून, आणि रजिस्टर टपालाने समोरच्या ओटीवर पाठवली. मालकांनी सही करून ती घेतली, दोनदा वाचली आणि चष्मा पुसत आमच्या दारात आले.

"मुदत बरोबर हाय मास्तर. कारन लिवलं न्हाय."

"कारण तुम्हाला ठाऊक आहे," मी म्हणालो.

शेवटच्या दिवशी सगळं रीतीप्रमाणे झालं. सामान ओटीवर, पानात बिरडं. सकाळी फाटकाशी टेम्पो उभा राहिला. मालकांनी पत्र्याची पेटी उचलली आणि सवयीने आमच्याच दाराकडे निघाले. पायरीवर पाय ठेवला, तेव्हा काकू म्हणाल्या, "अवो, तिकडं न्हाय." ते तसेच क्षणभर उभे राहिले. मग वळून त्यांनी पेटी टेम्पोत ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खंडच हाय ह्यो, मास्तर."

आता आम्ही अलिबागेत राहतो. इथले मालक फोनवरच करार वाढवतात. तरी दहा महिने उलटले की मी पोस्टमनची वाट बघतो.