खोबरेल लावलेले ब्रेक

नऊ जानेवारी. काम: ब्रेकमधली हवा काढणे.

गिरणीतल्या कॅलेंडरवर मी एवढंच लिहिलं होतं. पुढच्या चौकोनात यांनी माझ्याकडून एक शब्द लिहून घेतला होता: समुद्र.

हे बोर्लीजवळच्या एका बंगल्यावर ड्रायव्हर होते. बंगल्याचे शेठ शनिवारी मुंबईहून आले की गॅरेजमधून एक लाल गाडी निघायची. विलायती, बुटकी, उघड्या टपाची, दोनच माणसांची. आधी शेठ चालवायचे आणि हे पुसायचे. शेठचे गुडघे गेल्यावर स्टिअरिंग यांच्या हातात आलं. शेठ वारले, मुलीने बंगला विकला आणि गाडी यांना देऊन टाकली. "न्या, नाहीतर भंगारात जाईल," म्हणाली. दोन वर्षांत साखरेने यांची नजर गेली. आता समोर माणूस उभा आहे एवढंच कळतं, कोण ते कळत नाही. गाडी आमच्या रिकाम्या गोठ्यात ताडपत्रीखाली पडून राहिली.

हे रोज संध्याकाळी चाचपडत गोठ्यात जायचे आणि स्टिअरिंग धरून बसायचे. रोज बसायचंच असेल तर गाडी चालू तरी असावी, म्हणून मी कामाला लागले. मी पिठाची गिरणी चालवते. पट्टा, बेअरिंग, मोटार कळते. गाडीतलं काही कळत नव्हतं. पावसाळा संपल्यावर हात घातला. सीटमध्ये उंदरांचं बिऱ्हाड होतं, पेट्रोलच्या टाकीतून गंजाचा चहा निघाला. दिवाळीच्या आधी इंजिन पहिल्यांदा धडधडलं. हे टाळ्या वाजवायला लागले. तोवर ती गोठ्यातली अडगळ होती. आता ती पळू शकत होती.

आमचं घर टेकाडावर आहे. फाटकाबाहेर सिमेंटचा रस्ता सरळ खाली उतरतो. उतार संपतो तिथे वळण आहे आणि वळणावर अंगणवाडी. समुद्राकडे जायला दुसरी वाट नाही. ब्रेक लागला नाही तर गाडी कुठे जाऊन थांबेल, हे मला दळण टाकताना दिसायचं, भाकरी थापताना दिसायचं. हॅण्डब्रेक होता, पण त्याची तार ताणून इतकी सैल झालेली की सपाट अंगणातही गाडी सरकायची.

म्हणून ब्रेकचं काम मी सगळ्यात जपून केलं. माणगावला गॅरेजवाले चाचा आहेत, त्यांनी खटपट करून या गाडीला बसणारी रबरं मिळवून दिली. पेडल दाबलं की तेल पुढे ढकलतात ती ही रबरं, बाटलीच्या बुचाएवढी. चाचांनी बजावलं होतं, "कोरडी बसवू नको, फाटतील. आणि ब्रेक ऑईलचा डबा भरायच्या दिवशीच फोड. खारी हवा लागली की तेल पाणी धरतं."

मी दोन्ही पाळलं. चार दिवसांपूर्वी रबरं बसवली तेव्हा डबा फोडला नाही. रबरं कोरडीही बसवली नाहीत. त्यांना खोबरेल लावलं. आमच्याकडे कुलूप अडलं, शिवणयंत्र कुरकुरलं, बोटातली अंगठी निघेना, की खोबरेल. हात आपोआप बाटलीकडे गेला. यांना दिसलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

नऊ तारखेला सकाळी डबा फोडून तेल भरलं. हे पेडलवर, मी चाकाशी पाना आणि नळी घेऊन.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा."

"धरलंय गं. लग्न झाल्यापासनं धरूनच बसलोय."

"सोडा."

"आधी पाना आवळ, मग मला सोड म्हण. हवा परत जाईल ना, मास्तरीणबाई!"

आवळला. बाटलीत बुडबुडे येत राहिले, मग थांबले. चारही चाकं झाली. पेडल घट्ट लागलं. यांनी शिकवलं होतं तशी मी गाडी अंगणात पाच वेळा पुढेमागे केली, हे शेजारी बसलेले. पाचही वेळा थांबली. पण शेवटच्या दोन वेळा पेडल वर यायला वेळ लागला. झोपलेल्या माणसाने उठावं तसं आलं.

"पेडल सावकाश येतंय," मी म्हणाले.

"नवं हाय. बसंल." मग म्हणाले, "माझा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेव. शेठकडचा."

मी शर्टला इस्त्री केली. त्या पेडलचं पुढे काही बोलले नाही.

संध्याकाळी यांच्या पायांना तेल लावायचं असतं, साखरेमुळे टाचा फुटतात. थंडीने खोबरेल थिजलं होतं. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी केली. तिला बूच नाही, तोंडावर प्लास्टिकचा तुकडा आणि त्यावर रबर, गणपतीत मीच बांधलेलं. ते काढायला गेले तर बोटात लिबलिबीत लागलं. दुप्पट जाड झालेलं, गांडुळासारखं. ताणलं तर ताणलं गेलं, परत आलं नाही.

मी ते हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. बाहेर हे शेजारच्या वहिनींना सांगत होते, "उद्या सकाळी हॉर्न वाजला की पोरास्नी बाजूला घ्या बरं का!"

मागच्या दारी जाऊन चाचांना फोन लावला.

"चाचा, रबर बसवताना तेल लावलेलं चालतं ना?"

"कुठलं तेल?"

"खोबरेल."

"बाय, तू ब्रेक बसवलेस की वेणी घातलीस?" ते हसले. मग हसणं एकदम थांबलं. "कधी लावलंस?"

"चार दिवस झाले."

"गाडी चालवलीस?"

"अंगणातच."

"हलवू नको. रबर फुगतं. आज धरंल, उद्याही धरंल. मग एक दिवस चाक जाम होईल, नाहीतर पेडल सरळ खाली जाईल. कधी ते मला विचारू नको. सगळं खोल, नळ्यापण धुवायला लागतील."

मी आत आले. "कुणाचा फोन?" यांनी विचारलं.

"दळणाचा," मी म्हणाले.

त्यांच्या रागाची मला भीती नव्हती. ते रागावलेच नसते. "हळू जाऊ, मी हॅण्डब्रेकवर हात ठेवतो," म्हणाले असते. दोन महिने माझ्या शब्दावर विसंबून ते त्या गाडीत बसत होते. पाना कुठे लागला, कसा लागला, त्यांना काही दिसत नव्हतं. आणि मी माझ्या स्वभावाला ओळखते. पांढरा शर्ट घालून ते समोर उभे राहिले असते, तर मी हो म्हणून गेले असते. अंगणवाडी सकाळी नवाला भरते. पायांना तेल लावताना मी एकच टाच चोळत राहिले. "झोप आली का गं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

सकाळी त्यांच्या आधी उठले. चाकांखाली लाकडं लावली, गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं काढली आणि गोठ्याच्या भिंतीला टेकवली. मग एका चाकाच्या ब्रेकचं रबर बाहेर काढलं. ते निघेचना, इतकं फुगलं होतं. तासभर गेला. हे शर्ट घालून, केस विंचरून दारात आले तेव्हा मी त्यांचा हात धरून गाडीपाशी नेलं आणि चाक असायचं तिथे ठेवला. त्यांनी चाचपलं. कपाळाला आठी पडली. मी एका तळहातावर नव्या संचातलं उरलेलं एक रबर ठेवलं, दुसऱ्यावर फुगलेलं. दोन्ही बोटांनी दाबून बघायला सांगितलं आणि खोबरेलाचं सगळं सांगितलं. फोनचंही.

ते बराच वेळ फुगलेलं रबर दाबत राहिले.

"उताराला काय झालं असतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला उतार माहीत आहे."

"व्हय," ते म्हणाले. शर्टाचं वरचं बटण काढलं आणि तिथेच पाटावर बसले. "नळ्या धुताना मला बोलाव. पेडल मी दाबीन."

फुगलेलं रबर कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं आणि माणगावची एसटी पकडली. गाडीची चावी बरोबर नेली. चाकं काढलेली होती, तरीही.