पाचशेचा सिलिंडर

साडेतीनशे सीसीच्या जुन्या फटफटीवर मी पाचशेचा सिलिंडर चढवला आणि पहिल्याच लांबच्या फेरीला मागं बसवली ती सात महिन्यांची गरोदर बायको.

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर शिरूरला. आम्ही दौंडला. एसटीनं सरळ जाता आलं असतं. पण सासऱ्यांच्या दारात फटफटीवरून उतरायचं हे मी लग्नातच ठरवून टाकलं होतं. गाडी लष्कराच्या लिलावातली. एकट्याला ओढायची, दोघं बसलो की चढाला कुंथायची.

शेजारचे चाचा रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर. त्याच बनावटीच्या मोडक्या पाचशेचा सिलिंडर, पिस्टन आणि हेड त्यांनी भंगारातून मिळवलं आणि एका रविवारी माझ्या अंगणात बसवूनही दिलं. पिस्टनचं वजन तोलून धरणारं आतलं जड चाक मात्र जुनंच, आधीच्या हलक्या पिस्टनच्या मापाचं ठेवलं. ते बदलायचं तर सगळं इंजिन उकलावं लागलं असतं, आणि आम्हा दोघांनाही जेवायला उशीर झाला होता.

गाडी सुरू केली तशी ओट्यावरची कळशी सरकत सरकत कडेला आली.

"चाचा, लई कापतीय."

"कापत न्हाई, जोर मारतीय. आमचं इंजन बघितलंस न्हवं? नुसतं उभं राहिलं तरी फलाट हलतो."

मला पटलं. रात्रंदिवस गाड्यांच्या धडधडीत राहणारे आम्ही, जे हादरतं त्यात ताकद असते, एवढंच आम्हाला ठाऊक. बायको शिरूरची, रेल्वे नसलेल्या गावची. तिनं गाडीकडे एकदा बघितलं आणि एसटीची वेळ विचारली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पाटस यायच्या आधीच आरसा गळून पडला. मी तो उचललाही नाही. मागचं बघायचंय कशाला, असं वर म्हणालो. पाटस मागं पडल्यावर वेग वाढवला तसा हादरा हाताच्या कोपरापर्यंत चढला, बोटं बधिर झाली. तिचा एक हात माझ्या खांद्यावर होता, दुसरा पोटावर. दोन्ही बाजूंनी माळ, माणूस कुठं दिसत नव्हता.

"अहो, मघापासून हललं नाही ते."

"झोपलं असेल."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "पेट्रोलचा वास येतोय."

"तुला हल्ली सगळ्याचाच वास येतो."

मग तिनं माझ्या पाठीत बुक्की घातली. लग्नानंतरची पहिली. मी थांबलो. ती उतरून, वळून न बघता, लांबच्या बाभळीखाली जाऊन बसली. आता थांबलोच आहे तर म्हणून मी बिडी तोंडात धरली आणि काडेपेटी काढली. काडी ओढणार तोच तिकडून तिचा आवाज आला, मोठा पण शांत, "खाली बघा."

हादऱ्यांनी टाकीचा सांधा उकलला होता. तापलेल्या सिलिंडरवर पेट्रोल ठिपकत होतं आणि पडेल तिथं वाफ होऊन जात होतं. मी काडेपेटी खिशात ठेवली.

मी बाभळीपाशी गेलो. ती डोळे मिटून, दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती.  हललं का, हे विचारायची भीती वाटत होती. वाऱ्यावर पेट्रोलचा वास येत राहिला, आणि ती तशीच बसून. मी तिच्या बोटांकडे बघत उभा.

"हललं," ती म्हणाली.

मी तोंडातली बिडी तेव्हा कुठं काढली.

कडब्याची बैलगाडी आली. गाडीवाल्या म्हाताऱ्यानं तिला कडब्यावर नीट बसवलं. चौफुल्याला शिरूरची एसटी मिळणार होती. मी थंड पडलेली फटफटी ढकलत मागून निघालो आणि पहिल्याच चढाला अंतर पडलं.

म्हाताऱ्यानं कासरा ओढला. "पोरी, मालक लई मागं ऱ्हायलं. थांबू का?"

"नका थांबू, आबा," ती म्हणाली. "त्यांच्यापेक्षा तुमच्या बैलांना जास्त कळतं."