शिंदेकाकूंचा दिवा आणि दामलेसाहेबांची शिट्टी

लढाईचे किस्से फक्त लढणाऱ्यांकडे असतात असं लोकांना वाटतं. साफ खोटं! ते बिचारे निम्मं विसरतात, निम्मं सांगत नाहीत. घरी बसून घाबरणाऱ्यांकडेच जास्त साठतात. आमच्या जिन्यातली मंडळी आता नोएडापासून पुण्यापर्यंत पांगली आहेत, पण दोघं भेटली की एकाहत्तरचा डिसेंबर निघतोच, आणि चहा गार होतो.

जिना म्हणजे दिल्लीतल्या सरकारी क्वार्टर्सचा. खाली आम्ही, समोर चोप्राजी. वर दामलेसाहेब, त्यांच्यासमोर शिंदेकाकू. मी, काकू आणि साहेब एकाच ऑफिसात. साहेब आमचे सेक्शन ऑफिसर. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि काकूंचा एकुलता एक सुभाष फौजेत, जम्मूच्या बाजूला. लढाई सुरू झाल्यापासून त्याचं पत्र नव्हतं. काकू त्याबद्दल चकार शब्द काढत नसत, म्हणून आम्हीही काढत नसू.

*

ब्लॅकआऊट सुरू झाला आणि दामलेसाहेब कॉलनीचे वॉर्डन झाले. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी, हातात भली मोठी बॅटरी! खिडक्यांना आम्ही काळा कागद चिकटवला होता, तरी साहेबांना कुठेतरी फट दिसायचीच.

पहिल्या संध्याकाळी बॅटरीचा झोत टाकत ते सगळ्या कॉलनीभर फिरले. शेवटी चोप्राजी अंधारातून ओरडले, "दामले साब, पूरी दिल्ली में एक ही लाइट जल रही है, और वो आपकी है!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बॅटरीला निळा रुमाल बांधला. तो इतका जाड, की साहेब सरळ लॉनमध्ये खणलेल्या खंदकात गेले. आम्ही धावलो. खालून अगदी शांत आवाज आला, "काही नाही. इन्स्पेक्शन चाललंय!"

*

त्या खंदकावर आमच्या सासूबाईंचा भारी राग. लॉनच्या कडेला त्यांनी मेथी लावली होती आणि खंदक बरोबर तिच्या मधून गेला. सायरन झाला की सगळे खंदकाकडे पळत, आणि सासूबाई काठावर उभ्या. "मेथीवर पाय देऊ नका! चपला काढा आधी!"

वर सायरन कोकलतोय आणि अख्खी कॉलनी थंडीत चपला काढतेय! चोप्राजींनी एकदा हात जोडले. "माताजी, ऊपर बम, नीचे मेथी, बंदा जाए तो जाए कहाँ?"

सासूबाईंनी मराठीत उत्तर दिलं, "पलीकडनं."

*

ऑफिसात वेगळीच मजा. दिल्लीच्या सरकारी बायका हिवाळ्यात लॉनवर उन्हात बसून विणतात, आणि साहेबलोक त्यावर कुरकुर करतात, ही जुनी रीत. पण आता स्वेटर जवानांसाठी होते. कुरकुर कोण करणार? लंच दीडला संपायचा, तो आपोआप अडीचला संपायला लागला.

काकू मात्र घरीही विणत. रेडिओवर बातम्या लागल्या की सुया सुरू, बातम्या संपल्या की बंद. त्या दिवसांत बातम्या काही संपायच्या नाहीत. स्वेटर कमरेखाली गेला, मग मांड्यांपर्यंत गेला.

दामलेसाहेबांनी लॉनवर तो उचलून पाहिला. "शिंदेबाई, हा एका जवानाचा आहे की पलटणीचा?"

आम्ही सगळ्या हसलो. काकूही हसल्या. मग त्यांनी लोकरीचा नवा गुंडा काढला, आणि मला एकदम रडू आलं.

*

खरी लढाई पेटली ती दिव्यावरून. सुभाष सुखरूप येईपर्यंत काकूंनी देवापुढे नंदादीप ठेवला होता, रात्रंदिवस तेवणारा. आणि त्यांच्या देवघरावरचा झरोका नेमका रस्त्याकडे! साहेब दारात येऊन उभे राहिले.

"शिंदेबाई, दिवा काढा. देशाचा प्रश्न आहे."

"देव माझ्या सुभाषकडे बघतोय, साहेब. अंधारात त्याला दिसणार कसं?"

यावर साहेबांकडे नियम नव्हता. शेवटी तडजोड झाली. देव आणि दिवा स्टोअरमध्ये हलवायचे, कारण तिथे ना खिडकी ना झरोका. एका बाजूला गव्हाचा डबा, दुसऱ्या बाजूला कांद्याची टोपली, मध्ये देव. साहेबांनी दार लावून बाहेरून फटी तपासल्या, समाधान झालं, आणि बंद दाराला नमस्कार केला.

"साहेब, डावीकडे कांदे आहेत," काकू म्हणाल्या. "देव जरा उजवीकडे."

*

फौजेच्या गाड्या जात तेव्हा कॉलनीतल्या बायका स्टेशनवर पुरी-भाजी घेऊन जायच्या. एकदा काकूही निघाल्या. पुरी-भाजी हे निमित्त, खिडक्यांतून एकच चेहरा शोधायचा होता. जाताना त्यांनी किल्ली साहेबांकडे दिली. "तेवढं दिव्याकडे बघा. विझू देऊ नका."

दुपारी त्या परत आल्या. चेहरा दिसला नव्हता. जिन्यातच विचारलं, "दिवा?"

"तेवतोय," साहेब म्हणाले.

त्या दिवसापासून साहेबांचं काहीतरी बिनसलं. शिट्टी वाजेना. कोणाच्या खिडकीतून उजेड आला तरी ते मान खाली घालून पुढे जात. ऑफिसात मात्र रोज काकूंच्या टेबलाशी थांबत. "शिंदेबाई, पत्र?" काकू मान हलवत, आणि साहेबांचा डबा तसाच परत जाई.

लढाई संपली. दिवे लागले, खिडक्यांचे कागद निघाले. पत्र नव्हतंच. काकूंनी दिवा तेवढा हलवला नाही.

आणि एका सकाळी रिक्षातून सुभाषच उतरला! हात गळ्यात बांधलेला, बाकी धडधाकट. काकूंनी आधी त्याला उंबऱ्यात उभा करून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग तो गुडघ्यापर्यंतचा स्वेटर घातला आणि मग रडल्या. अख्खा जिना त्यांच्या घरात. चोप्राजी भांगडा करतायत, सासूबाईंनी उरलीसुरली मेथी उपटून आणलीय, मी पेढे वाटतेय.

दामलेसाहेब मात्र पेढा हातात घेऊन नुसते उभे. सुभाषकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि एकदम बोलायला लागले. "शिंदेबाई, त्या दिवशी मी खोटं बोललो. तेल घालायला गेलो, जास्त पडलं, वात बुडाली. दिवा विझला होता. मी काडी ओढून परत लावला. तेव्हापासून मला झोप नाही. तुम्ही म्हणाल तर लेखी देतो!"

चोप्राजींचा हात वर तो वरच.

काकूंनी साहेबांच्या हातातला पेढा घेतला आणि त्यांच्या तोंडात घातला.

"खा हो साहेब. माझ्याकडून तर तो पहिल्याच दिवशी विझला होता!"