काचेवरची टोकदार अक्षरं

पेंटरच्या लेकीचा हात बापाहून स्थिर, असं बाप कौतुकाने सांगे. पण काम द्यायची वेळ आली की त्याचीच जीभ अडखळे. त्याच्या डोळ्यांत धुकं उतरल्यावर मात्र इलाज उरला नाही. तिने घड्याळवाल्याच्या दुकानाची काच रंगवायला घेतली, तेव्हा बापाने बजावलं, "हे बिघडलं, तर ब्रश विकून टाकायचे. तू आत्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं."

घड्याळवाल्याला जुन्या गॉथिक वळणाची इंग्रजी अक्षरं हवी होती. भाल्यासारखी टोकदार, काळी, अंगाला अंग लावून उभी. "सगळी मोठीच काढा, कॅपिटल, भारदस्त दिसतील," तो म्हणाला होता, आणि बाप हो म्हणून बसला होता.

या वळणात मोठं अक्षर म्हणजे नटूनथटून आलेला नवरदेव. एक शोभतो, दहा नवरदेव एका ओळीत उभे केले तर लग्न कुणाचं तेच कळत नाही. लेकीला हे पाठ होतं. तिने कुणाला न विचारता पहिलं अक्षर मोठं काढलं आणि पुढची सारी लहान.

काचेच्या आतून उलटं रंगवायचं काम. श्वास रोखून रेघ ओढायची, मग श्वास सोडायचा. अखेरच्या अक्षराशी आली, तोच मागून घड्याळवाल्याची खुर्ची सरकली.

"ए पोरी! मी मोठी सांगितली होती ना? पूस ते!"

बाप दाराशी उभा होता. त्याचा चेहरा उतरला.

"पुसते, काका," ती म्हणाली. ब्रश मात्र खाली ठेवला नाही. "आधी समोरच्या फुटपाथवरून बघा. मग सांगाल ते."

तेच नाव सगळ्या मोठ्या अक्षरांत काढलेला कागद तिने घरून आणला होता, तोही काचेला टेकवून धरला. घड्याळवाला तणतणत रस्ता ओलांडून गेला. कागदाकडे बघून त्याने मान वाकडी केली, डोळे बारीक केले. बापही चाचपडत त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"दादा, तुम्हाला काय दिसणार?" घड्याळवाला म्हणाला.

"अक्षर नाही दिसत. काळं-पांढरं दिसतं." बापाने नजर ओळीवरून हळूहळू फिरवली. मग ओरडला, "पोरी, तिसऱ्या अक्षराशी उजेड जास्त पडतोय!"

गॉथिक तपासायचं ते डोळे किलकिले करून. काळं आणि मोकळं सारखं पडलं पाहिजे. बापाचे डोळे आता कायमचेच किलकिले. तिने वाकून पाहिलं. खरंच, तिथे केसभर फट जास्त होती. तिने काठ जाड केला. रेघ सरळ आली.

"आता?"

"आता बरोबर."

घड्याळवाल्याने काचेवरचं नाव पुटपुटत वाचलं. कागदावरचं पुन्हा एकदा वाचून बघितलं. दुसऱ्याच अक्षराशी अडला.

"तो कागद काढ," तो म्हणाला. "आणि दादा, दाराच्या काचेचं काम कधी धरता?"

बापाने काचेकडे हात केला. "मला काय विचारता? पेंटर आत आहे."