खापरपणजोबांचं बटण

घड्याळजीकडे कुणी जुनं बटण घेऊन आलं की तो आधी माणसाकडे बघे, मग बटणाकडे, आणि दोघांनाही सारखंच फालतू ठरवी.

घड्याळं तो पोटासाठी दुरुस्त करायचा. जीव अडकला होता तो ब्रिटिश फौजेच्या बटणांत. भिंग डोळ्याला लावून तो बटण आधी उलटं करी. माणूस काय नि बटण काय, पाठीवरूनच कळतं, असं त्याचं मत. मागे कारखान्याचं नाव, शिवायची कडी. मग पुढचा मुकुट. राणीच्या मुकुटाच्या कमानी मधे खचलेल्या, राजाच्या वर फुगलेल्या. साध्या शिपायाच्या बटणावर पलटणीचा आकडा असला तर ते दीडशे वर्षांचं तरी असायचं. एवढंच सांगून तो थांबला असता तर गावानं त्याला डोक्यावर घेतलं असतं.

पण तो म्हणे, “फौजेचं कसलं? हॉटेलच्या दरवानाचं आहे. तुमच्या आजोबांनी सलाम ठोकले असतील, पण गिऱ्हाइकांना.”

बायको वैतागायची. “लोक आजोबा घेऊन येतात आणि तुम्ही दरवान परत देता!”

माघारी सगळे त्याला बटण्या म्हणत. त्याला ते ठाऊक होतं. गाढवांनी नाव ठेवलं म्हणून वाईट वाटून घेणारा तो नव्हता.

सगळ्यांत मोठं गाढव म्हणजे त्याच्या मते दादा, सख्खा थोरला भाऊ. खापरपणजोबा ब्रिटिश पलटणीत होते, त्यांच्या कोटाचं एक बटण घरात होतं. थोरलेपणाच्या जोरावर ते दादानं कपाटात ठेवलं होतं आणि धाकट्याच्या हाती कधी लागू दिलं नव्हतं. “तू त्याची चिरफाड करशील,” दादा म्हणे.

मग वाचनालयात जुन्या वस्तूंचं दालन उघडलं आणि दादानं ते बटण समारंभात भेट दिलं. वर भाषणही ठोकलं. खापरपणजोबांनी एका भाषणात तीन लढाया जिंकल्या. टाळ्या पडल्या. ग्रंथपाल बाईंनी मोठ्या कौतुकानं घड्याळजीलाही वर बोलावलं. “तुम्ही तर जाणकार. दोन शब्द बोला.”

त्यानं बटण हातात घेतलं. भिंग खिशातून काढायचीसुद्धा गरज पडली नाही.

“मुकुट राणीचाच आहे,” दादा घाईनं म्हणाला. “व्हिक्टोरियाचा. मी पुस्तकात पाहून ठेवलाय.”

“राणी खरी, पण ही दुसरी. एलिझाबेथ. आणि हे पितळ नाही, दादा, ॲल्युमिनियम आहे. वर सोनेरी रंग. हे बटण तुझ्यापेक्षा वयानं लहान आहे. खापरपणजोबांनी हे लावलं असेल तर वर गेल्यावर लावलं असेल.”

लोक हसले. दादाचा चेहरा पडला. घड्याळजीला इतकं बरं उभ्या जन्मात वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आईनं घड्याळजीकडे बघत काठी आपटली.

“दात काय काढतोस? ते भंगारवाल्याकडून मी आणलं. तुझे वडील बोंब मारतील म्हणून डबीत टाकून ठेवलं.”

“आणि खरं कुठं गेलं?”

“तू गिळलंस! रांगत होतास तेव्हा. आठवडाभर तुझी दुपटी चाळली मी. मेलं काही सापडलं नाही.”

सभागृहाचं छप्परच उडालं. सगळ्यांत मोठ्यानं दादा हसत होता.

ग्रंथपाल बाईंनी बटण गुपचूप परत केलं. घरी गेल्यावर दुसरा कुणी महिनाभर तोंड लपवून बसला असता. हा आईपुढे कागद-पेन्सिल घेऊन बसला. खरं बटण कसं होतं? मागे कडी होती? पुढे आकडा होता? कोणता?

“असेल काहीतरी.”

“असेल म्हणजे? आठव ना!”

“बटणासारखं बटण होतं. त्यात काय आठवायचं?”

तो रोज विचारू लागला. शेवटी कंटाळून आईनं पेन्सिल घेतली, एक वाकडातिकडा गोल काढला आणि मधे चार टिंबं दिली.

“फौजेच्या बटणाला भोकं नसतात, आई! इतकंही कळत नाही तुला?”

आईनं कागद त्याच्याकडे सरकवला आणि पाठ फिरवून आडवी झाली.

“मग तूच काढ. पोटात तुझ्या गेलं होतं.”