मृणालीच्या वाटची सांजोरी

दूध तापत होतं म्हणून ओट्यापाशीच उभी होते, तेवढ्यात कडी वाजली. दारात समोरची सुलक्षणा, हातात एक केळं.

"अक्का, हे तुमचं. काल मृणालीला दिलेलं."

आत ये म्हटलं, तरी ती उंबऱ्याबाहेरच थांबली. मला कळलं. आदल्या दिवशी गल्लीतल्या पोरी गौराईची गाणी म्हणत माझ्या दारी आल्या होत्या. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, आधीच केलेल्या गोड सांजोऱ्या मी एकेकीच्या हातावर ठेवत गेले. सुलक्षणाची नऊ वर्षांची मृणाली पुढे आली तेव्हा मात्र डब्यातला हात तसाच थांबला. फणीतलं एक केळं तोडून दिलं. फळच ते, बाधायचं नाही, असा माझा हिशेब. आमच्या सावद्यात गुरांपुढेही केळी पडतात, आणि मी पोरीला सणाचं म्हणून केळं दिलं! साखर तर त्यातही असतेच.

सुलक्षणा शिरपूरची. घरीच ब्लाउज शिवते. तिचा थोरला भूपेंद्र सात वर्षांचा असताना वर्गात बेशुद्ध पडला, तेव्हा जळगावला नेल्यावर मधुमेह कळला. इंजेक्शन द्यायला ती आठवड्यात शिकली. वीज गेली की इन्सुलिनची बाटली डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवते. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मृणालीचंही रक्त तपासलं. साखर ठीक होती, पण पुढे हाच आजार होण्याच्या खुणा सापडल्या. कधी होईल, सांगता येत नाही. काही बंद करू नका, दर काही महिन्यांनी दाखवा, तहान फार वाढली किंवा वजन उतरलं तर लगेच या, एवढंच त्यांनी सांगितलं.

पण घर बदललं. आजी केसरबाईंनी गुळाचा डबा कपाटात कुलपात टाकला. बाप किरण म्हणू लागला, कळलंच नसतं तर बरं होतं. त्यावर सुलक्षणाने त्याला सुनावलं, की एकाचं बेशुद्ध पडल्यावर कळलं, दुसरीचं तसं कळायला नको.

"आणि मीही शहाणी नाही, अक्का," ती म्हणाली. "भूपेंद्रच्या मशीनवर रोज पहाटे हिचं बोट टोचायचे. डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना. काल रात्री विचारते, आई, मी आज पास का नापास? मशीन तिच्यासमोर कपाटात ठेवलं, आता भूपेंद्रपुरतंच. कुलूप उघडलं तसा गुळाचा डबाही खाली काढला. सासूबाई चिडल्या. चिडू देत."

मी चुकले म्हणाले. पोरीची काळजी वाटली म्हणून, असंही पुटपुटले.

राग आला की सुलक्षणाच्या तोंडी माहेरची अहिराणी येते; 'आहे'चं 'शे', 'माझी'चं 'मनी', 'सगळ्यांना'चं 'बठ्ठासले' होतं. "काळजी बठ्ठासले शे, अक्का. पण मनी पोर बिमार नही शे. होईल तेव्हा मी शे ना. आतापासून तिले रांगेबाहेर कोनी काढानं नही. तुम्ही बी नही."

मागे दूध उतू गेल्याचा वास आला. दोघींपैकी कोणीच हललं नाही. तिने केळं माझ्या हातात ठेवलं, पदराने कपाळ पुसलं, आणि आवाज खाली आणला.

"उद्या आखाजी. पोरी परत येतील. सगळ्यांना सांजोरी द्याल, तेव्हा मृणालीलाही एक द्या."